मोटरमन मामा आणि कार्टवाली भाची

काटई–बदलापूर रस्ता दिवसा ट्रक-टेम्पोंचा आणि रात्री बारानंतर पोरांचा. खोणी ओलांडून रस्ता जरा मोकळा झाला की सायलेन्सर काढलेल्या बुलेटी आणि काळ्या काचांच्या स्विफ्ट सुटतात, आणि नेवाळी नाक्याच्या आसपास कधीतरी कुणीतरी आडवा होतो. या विषयावर माझ्या ओळखीच्या दोन माणसांचं जे भांडण चालतं ते इथे देतो आहे. एक मामा : मध्य रेल्वेतून मोटरमन म्हणून निवृत्त, बदलापूरला घर. दुसरी त्यांची भाची : अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत नोकरी, दाराशी सेकंडहँड गाडी, आणि डोक्यात एकच खूळ, रेसिंग ट्रॅकवर गाडी चालवायची. पगार बेताचा. मामांचं म्हणणं, पैसे नाहीत तर नाद सोड. भाचीचं म्हणणं, नाद स्वस्तात करता येतो. मी मध्ये बसून चहा पितो आणि क्वचित तोंड घालतो.

मामा : उभी हयात मी बारा डब्यांची गाडी चालवली. वेग वाढवायला अक्कल लागत नाही. हँडल फिरवलं की गाडी पळते. भर पावसात, रूळ ओले असताना, प्लॅटफॉर्मवरच्या बारा डब्यांच्या पाटीसमोर ती बरोबर उभी करायची, त्याचा मला पगार मिळायचा. तुम्हाला सगळ्यांना पळवायचंय. थांबवायचं कुणाला शिकायचंय?

भाची : मला. तुला शिकवायला रेल्वेची शाळा होती, मामा. मला काय होतं? ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने उल्हासनगरच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर महिनाभर फिरवलं, टेस्टला आठ काढून दाखवला, लायसन हातात. साठच्या वेगाला सगळं बळ लावून ब्रेक दाबला तर गाडी काय करते ते मी आजवर पाहिलेलं नाही. एबीएस लागला की पेडल पायाखाली थरथरतं म्हणतात. तो थरथराट पहिल्यांदा कळायचा तो पुढे म्हैस आडवी आल्यावर, असंच ना?

मामा : म्हैस आडवी येईल असं धरूनच चालवायची. साठला जेवढं अंतर लागतं त्याच्या चौपट एकशेवीसला लागतं, दुप्पट नाही. हे कळायला ट्रॅक कशाला? शाळेतलं गणित आहे.

भाची : गणित मलाही येतं. पायाला येत नाही.

हे मला पटलं, आणि मामांनाही पटलं असावं, कारण त्यांनी लगेच मोर्चा पैशांकडे वळवला.

मामा : बरं, पण हा खेळ कुणाचा? मल्ल्यांचा, राजेरजवाड्यांचा. ग्रेटर नोएडात २०११ साली पाच किलोमीटरचं सर्किट बांधलं, तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली आणि गाशा गुंडाळला. आपल्या बदलापुरातल्या किती जणांनी तिथे पाय ठेवला?

भाची : वरून मोजलंस तर महागच दिसणार. खालून मोज. कोईम्बतूरला करिवर्धन नावाचा माणूस होता, गिरणीवाल्या घरातला. त्याने ऐंशीच्या दशकात मारुती ८०० चं इंजिन घेऊन एका माणसाची रेसिंग कार बनवली, फॉर्म्युला मारुती. इंजिनाचे सुटे भाग कुठल्याही गावात मिळायचे, म्हणून खर्च उतरला. नरेन कार्तिकेयन सुरुवातीला तीच गाडी चालवायचा. तोच २००५ मध्ये जॉर्डनच्या गाडीत बसून फॉर्म्युला वनमध्ये गेलेला पहिला भारतीय. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेला. कोईम्बतूरच्या ट्रॅकला आज त्याचंच नाव आहे, कारी मोटर स्पीडवे.

मामा : मारुती ८०० चं इंजिन? आपल्याकडे पोळी-भाजी केंद्रवाला ज्या गाडीतून डबे पोचवायचा, ती?

भाची : तीच. सातशे शहाण्णव सीसी.

मामा जरा वेळ गप्प. यंत्राच्या माणसाला यंत्राची काटकसर आवडतेच. इथे भाचीने संधी साधून आपला खरा बेत पुढे केला. बेत सर्किटचा नव्हता, कार्टिंगचा होता.

मामा : म्हणजे मॉलमध्ये पोरं ज्यात बसून टायरांना धडका देतात ते? त्यासाठी एवढा आटापिटा?

भाची : धडका देणारे धडका देतात. ती गाडी नीट बघितलीयस का? तिला सस्पेन्शन नाही, गिअर नाहीत आणि डिफरन्शियलही नाही. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की. कारमध्ये वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. इथे दोन्ही सारखीच फिरतात, म्हणून आतलं मागचं चाक किंचित उचललं गेल्याशिवाय कार्ट नीट वळत नाही. तू स्टिअरिंग हिसडलंस की ती घसरते, फरफटते, आणि इंजिनाचा जीव एवढासा, म्हणून गमावलेला वेग परत यायला अर्धी फेरी जाते. लगेच शिक्षा. आधी सरळ रेषेत ब्रेक, मग वळण, मग हळूहळू पाय. बाहेरून आत, आतून पुन्हा बाहेर. शंभर हॉर्सपॉवरच्या गाडीत चूक केलीस तर पॉवर ती झाकून टाकते. कार्ट झाकत नाही.

भाड्याच्या कार्टमध्ये बहुधा होंडाचं छोटं चार-स्ट्रोक इंजिन असतं, गणपतीच्या मंडपामागे जनरेटरला धडधडतं त्या जातीचं. वेग ताशी चाळीस ते साठ. पण बूड जमिनीपासून दोन-तीन इंचांवर असल्याने चाळीससुद्धा ऐंशी वाटतो. वडाळ्याला भक्ती पार्कजवळ अजमेराचा ट्रॅक आहे. बदलापूरहून कुर्ला, तिथून हार्बरने वडाळा रोड, पुढे रिक्षा. पाच-दहा मिनिटांच्या एका खेपेला काहीशे रुपये पडतात, शनिवार-रविवारी थोडे जास्त. हेल्मेट तिथलंच, गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं, टायर झिजले तर तेही त्यांचेच. नवख्याने दोन गोष्टी पाळाव्यात : पायात पातळ तळव्याचे बंद बूट हवेत, आणि ओढणी, सैल पदर, मोकळे केस अजिबात नकोत. उघड्या फिरत्या दांड्यात अडकलेल्या ओढणीने आणि केसांनी आपल्या देशात जीव घेतलेले आहेत. हे मी मध्येच सांगतोय कारण त्या दोघांच्या भांडणात ते कुणी सांगितलं नाही.

मामा : आणि त्या दहा मिनिटांत काय हाती लागतं?

भाची : कागद. उतरल्यावर प्रत्येक फेरीची वेळ छापून देतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं आपण तुफान चालवली. यादीत माझ्यावर एक शाळकरी मुलगा होता, फेरीमागे कितीतरी सेकंद पुढे. मी जास्त जोर लावला तर वेळ आणखी वाढली. मग एका खेपेला ठरवून शांत चालवली, टायर वाजू द्यायचेच नाहीत म्हटलं, आणि वेळ उतरली.

मामा : (हसून) हे आम्हाला इन्स्पेक्टर सांगायचे. डब्यातल्या उभ्या माणसाने खांब धरायची वेळ आणलीस तर तू चुकलास.

माझं मत विचाराल तर या प्रकरणाचा अर्थ त्या छापील कागदात आहे. नवख्याला ट्रॅकवर वेग विकत घ्यायचा नसतो, वेग तर काटई रस्त्यावर फुकट आहे. त्याने विकत घ्यावं ते घड्याळ, आणि जमलं तर शेजारी बसणारा शिक्षक. गाडी शक्यतो दुसऱ्याचीच असावी.

पण भाचीला स्वतःची गाडीही ट्रॅकवर न्यायची होती. ‘ट्रॅक डे’ म्हणून असतात. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, ग्रेटर नोएडाला पैसे भरून आपली गाडी घेऊन जायचं, गटागटाने पंधरा-वीस मिनिटं चालवायची. हा विषय निघाला तेव्हा मामा उठले आणि आतून तिच्याच गाडीच्या विम्याची पॉलिसी घेऊन आले. ती पॉलिसी त्यांच्या कपाटात असते, कारण हप्ता तेच आठवण करून भरायला लावतात.

मामा : हे बारीक टायपातलं वाच. गाडी कशासाठी वापरली तर विमा लागू नाही, त्याची यादी आहे. भाड्याने देणं, मालवाहतूक, आणि हे बघ : संघटित शर्यत, वेगाची चाचणी. म्हणजे तिथे भिंतीला ठोकलीस तर कंपनी एक रुपया देणार नाही. वर गाडी चेन्नईहून बदलापूरला टोचन करून आणायची. ते भाडं किती, विचारलंयस?

भाची : विचारलेलं नाही.

मामा : ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?

भाची : ... घेतल्यापासून नाही.

मामा : ते हवेतलं पाणी ओढतं. घाटात एकदा-दोनदा दाबलास तर चालून जातं. तिथे प्रत्येक फेरीला प्रत्येक वळणावर दाबणार. तेल उकळलं की त्यात बुडबुडे, आणि पेडल थेट तळाला. स्वस्त कसली तुझी हौस? पॅड, तेल, टायर, टोलनाके, हॉटेल.

या फेरीत भाची हरली आणि तिने ते मान्यही केलं. स्वतःची गाडी नेणं हे दिसायला सगळ्यांत सोपं आणि हिशेबाला सगळ्यांत महाग. ज्याला कार्टिंगच्या पुढे जायचंच आहे त्याच्यासाठी ‘अराइव्ह अँड ड्राइव्ह’ नावाची सोय असते : संघ गाडी देतो, मेकॅनिक देतो, तुम्ही हेल्मेट घेऊन जायचं. कोईम्बतूर-चेन्नईच्या रेसिंग शाळा दोन-तीन दिवसांत शिकवतात आणि त्या आधारावर स्पर्धेचं लायसन मिळतं. फी पाच आकडी, म्हणजे स्वस्त नव्हेच, पण ती एकदाच आणि ठरलेली. एलटीटी–कोईम्बतूर एक्सप्रेस कल्याणला थांबते, हा मामांचा खास मुद्दा. त्यांच्या लेखी ज्या गावाला कल्याणहून थेट गाडी आहे ते लांब नाहीच.

भाची : आणि कोल्हापूर? महालक्ष्मीने रात्री कल्याणला बसायचं, सकाळी कोल्हापूर. तिथे मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्यात तिथे. घरच्याच ट्रॅकवर ध्रुव मोहिते तयार झाला. कृष्णराज महाडिक कोल्हापूरचाच, तो ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला.

मामा : मोहिते, महाडिक! तू आडनावं ऐकतेयस का स्वतः उच्चारलेली? खासदाराचा मुलगा तो. यात तुझ्यासारखीचा संबंध काय?

भाची : डायना पंडोलेचा संबंध काय होता? पुण्यातली शाळेतली शिक्षिका, दोन मुलांची आई. २०१८ मध्ये जेके टायरने बायकांसाठी एक उपक्रम काढला, त्या निवड चाचणीतून आत शिरली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार रेसिंगचं सलून गटातलं विजेतेपद तिने घेतलं. कारच्या राष्ट्रीय स्पर्धेत हे करणारी पहिली भारतीय बाई. अशा चाचण्या निघत असतात, मामा. २०११ मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने देशभर कार्टिंगची चाचणी घेतली, त्यात मुंबईचा जेहान दारूवाला निवडला गेला, पुढे फॉर्म्युला टूमध्ये जिंकला. फक्त चाचणीच्या दिवशी तुम्हाला कार्ट चालवता येत असली पाहिजे.

मामा : शिक्षिकेच्या पगारावर कुणी सहा वर्षं रेसिंग करत नाही. मागे कुणीतरी उभं असतंच.

मामांच्या या वाक्यावर मला उत्तर सुचलं नाही. चाचणी दार उघडते हे खरं, पण आतल्या खोलीचं भाडं कुणीतरी भरावंच लागतं. स्पर्धेचा एक हंगाम लाखांत जातो. ज्याला एकदा अनुभव घ्यायचा आहे आणि ज्याला शर्यत लढवायची आहे, ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि पहिल्याने दुसऱ्याची स्वप्नं पाहून कर्ज काढू नये. भाची सध्या पहिल्या गटात आहे. दुसऱ्या गटाकडे तिचं लक्ष आहे हे मला दिसतं, मामांनाही दिसतं.

मग तिने विषय एकदम घराजवळ आणला.

भाची : मला सांग, या रस्त्यावरची पोरं रस्त्यावर का पळवतात? जागा नाही म्हणून. आणि जागा तर नाकासमोर आहे. नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी पडून आहे. इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन काय होतं? युद्धातला विमानतळ. १९४८ मध्ये तिथे ब्रिटिश ग्रां प्री भरवली. मद्रासजवळचं शोलावरम? तीही युद्धातली धावपट्टीच, आपल्या देशातलं रेसिंग कितीतरी वर्षं तिच्यावरच चाललं. मग नेवाळी का नाही?

मामा : कारण ती जागा रिकामी नाही. १९४२ च्या सुमाराला इंग्रजांनी युद्धासाठी तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपलं, इंग्रज गेले, जमिनी परत आल्या नाहीत. लोक आपले तिथे पिढ्यान्‌पिढ्या भात लावत राहिले. नौदलाने भिंत घालायला घेतली तेव्हा २०१७ च्या जूनमध्ये काय झालं, विसरलीस? रस्ते अडवले, पोलिसांच्या गाड्या जाळल्या, पोलिसांनी छर्रे मारले. आता तू जाऊन भात लावणाऱ्या म्हातारीला सांग, आजी, जरा बांधावर सरका, माझी फेरी चालू आहे.

भाचीकडे याला उत्तर नव्हतं, आणि उगाच उत्तर द्यायचा तिने प्रयत्नही केला नाही, हे मला आवडलं. त्याच युद्धातली कल्याणची लष्करी छावणी निर्वासित सिंध्यांना मिळाली आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. पाच कॅम्पांचं शहर उभं राहिलं, फर्निचर आणि जीन्सचा बाजार वसला. शेजारच्या धावपट्टीचं काय करायचं हे मात्र इतक्या वर्षांत ठरलेलं नाही. ते ठरवताना रेसिंगचा नंबर सगळ्यांत शेवटी लागावा, हे मी मामांच्या बाजूने लिहून ठेवतो.

मामा : आणि दुसरं. जागा दिली तरी ती पोरं तिथे येणार नाहीत. रस्त्यावर पळवतात ते नाक्यावरच्या चार जणांनी बघावं म्हणून. ट्रॅकवर हेल्मेटमध्ये तोंड दिसत नाही, रील कोण बघणार? कायद्याने रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या खेपेला तीन महिने कैद नाहीतर पाच हजार दंड, पुन्हा सापडलात तर वर्षभर कैद नाहीतर दहा हजार. तरी थांबतात का?

भाची : सगळी येणार नाहीत. पण त्यातल्या एखाद्याला खरंच चालवायची असते, नुसती दाखवायची नसते. तो कुठे जाणार? मोठं सर्किट नको. फरसबंद मैदान, शंकू मांडलेले, एका वेळी एकच गाडी, पहिल्या-दुसऱ्या गिअरची कामं. ऑटोक्रॉस म्हणतात तसं. एखाद्या रविवारी कारखान्याचं पार्किंग मिळालं तर तेवढ्यात होईल.

मामा : परवानगी कुणाची? अँब्युलन्स? आग विझवायचं? मैदानात बघायला घुसलेल्या पोरांना कोण हाकलणार? हे सगळं क्लबने, नियमाने केलं तर माझी ना नाही. तू आणि तुझ्या ऑफिसमधले चार जण शंकू घेऊन गेलात तर मीच पोलिसांना फोन करीन.

ते करतील. मी ओळखतो त्यांना.

घरी बसून सिम्युलेटरवर सराव करावा का, यावर दोघांचं दोन मिनिटांत एकमत झालं. गेमिंग कॅफेत तासावर मिळतो तिथे जावं, रेषा आणि ब्रेकची जागा डोळ्यांना कळते, पाठीला काही कळत नाही. चाक आणि पेडलांवर पंचवीस-तीस हजार घालण्याआधी तेवढ्यात किती वेळा वडाळ्याला जाता येईल ते मोजावं. गणित मामांनी केलं.

खरी गंमत शेवटी झाली. भाचीने सांगितलं की ट्रॅकवर जायचा एक मार्ग असा आहे की त्यात आपण पैसे देत नाही : मार्शल व्हायचं. मोटर स्पोर्ट क्लब स्वयंसेवक घेतात, शिकवतात, वळणावर झेंडे देऊन उभं करतात.

मामा : झेंडे?

भाची : पिवळा म्हणजे पुढे धोका, हळू, ओव्हरटेक बंद. हिरवा म्हणजे मोकळं. लाल म्हणजे शर्यत थांबवली. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. निळा म्हणजे मागून जास्त वेगाची गाडी येतेय, तिला जाऊ दे.

मामा : निळा आम्हाला नव्हता. आम्हाला कल्याणच्या अलीकडे सरळ लाल देऊन उभं करायचे आणि मेलला पुढे काढायचे. पब्लिक मला शिव्या घालायची. आणि पिवळा बघून ज्याने पाय सोडला नाही त्याचं काय करतात?

भाची : दंड. वेळ वाढवतात, नाहीतर बाहेर काढतात.

मामा : चौकशी? लेखी?

भाची : लेखी. मार्शलचा रिपोर्ट जातो.

मामा : वयाची अट?

भाची : कार्ट चालवायला विचारतोयस की झेंड्याला?

मामा : आधी झेंड्याचं सांग. कार्टचं मग बघू. गुडघे वाकतील का त्यात, ते पण बघावं लागेल.

भाची : रविवारी चल वडाळ्याला. बसून बघ, नाही जमलं तर उठ.

मामा : रविवारी हार्बरला मेगाब्लॉक असतो. आणि तूच म्हणालीस, शनिवार-रविवार दर जास्त. मधल्या वारी रजा टाक.